डावं मूत्रपिंड

इल्मो तार्वाइनेनचं डावं मूत्रपिंड बारा नोव्हेंबरला हेलसिंकीत काढायचं आणि त्याच्या बायकोच्या पोटात बसवायचं, असं ठरलं होतं. तसं पत्र आलं होतं आणि फ्रिजच्या दारावर लावून ठेवलं होतं. रायला रोज सकाळी त्याच्या कॉफीसाठी दूध काढायला फ्रिज उघडायची, तेव्हा ते पत्र एकदा डोळ्यांखालून घालायची. पाठ झालं होतं तरी वाचायची.

रायलाची स्वतःची दोन्ही मूत्रपिंडं सर्दीने खाल्ली होती. ती हे असंच सांगायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की बाई थट्टा करतेय. पण खरंच तसं होतं. बत्तीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती, आणि शाळेतली मुलं दर हिवाळ्यात सर्दी वाटत फिरतात. घसा धरला की दुसऱ्या दिवशी तिची लघवी चहासारखी व्हायची. डॉक्टर म्हणाले, सर्दीशी लढायला तुमचं शरीर जे सैन्य उठवतं त्यातलं निम्मं वाट चुकतं आणि मूत्रपिंडाच्या गाळणीत जाऊन बसतं. तिथे मग सूज. सर्दी चार दिवसांत जायची, गाळणीतली सूज एखादं भोक कायमचं बुजवून जायची. असे बत्तीस हिवाळे. आता दोन वर्षं झाली, मूत्रपिंडांचं काम भागवायला दिवसातून चार वेळा दोन लिटरची पिशवी नळीने पोटात सोडायची, पाणी आत ठेवायचं, मग काढून टाकायचं, पुन्हा दुसरी.

पिशव्या गरम करायचं काम इल्मोचं. सदतीस वर्षं त्याने ओंडक्यांचा ट्रक चालवला होता, त्यामुळे पिशव्यांचे खोकेसुद्धा तो ओंडक्यांसारखे रचायचा. एकही खोका रेषेबाहेर नाही. आणि त्याने बटाटे सोडले होते. रायलाला बटाटा वर्ज्य, म्हणून घरात बटाटा शिजायचा नाही. सावो प्रांतातल्या माणसाने बटाटा सोडणं ही साधी गोष्ट नव्हे. अर्थात तळ्यावर त्यांचं दुसरं घर होतं, तिथे तळ्याच्या खाडीपलीकडे राहणाऱ्या काउकोकडे जाऊन तो गुपचूप खायचा, आणि रायलाला ते माहीत होतं. काउकोकडून आला की त्याच्या मिशीला बटाट्यांवरच्या शेपूचा वास यायचा. ती काही बोलायची नाही.

शस्त्रक्रियेनंतर दोन महिने जड उचलायचं नाही, असं हेलसिंकीहून सांगितलेलं. इल्मोने त्याचा अर्थ असा लावला की सगळं जड आधीच उचलून घ्यायचं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती दोघं तळ्यावरच्या घरी गेली आणि त्याने लाकडांचं शेड तळापर्यंत रिकामं करायला घेतलं. नवी लाकडं खाली, जुनी वर. रायलाला हिवाळाभर आयतं सरपण मिळालं पाहिजे आणि आपल्याला हात लावावा लागता कामा नये, हा हिशेब.

ते उंदरांचं वर्ष होतं. तीन-चार वर्षांनी एकदा जंगलातले तांबड्या पाठीचे रानउंदीर उदंड होतात आणि थंडी पडू लागली की माणसांच्या शेडमध्ये, तळघरात, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, फळ्यांखाली येऊन राहतात. पेपरात आलं होतं. काउकोचं मांजर फुगून गोल झालं होतं. शेडच्या तळाला शेवाळाची घरटी निघाली, कुरतडलेल्या बिया निघाल्या, आणि काळ्या दाण्यांसारख्या लेंड्यांचा थर निघाला.

आता अशा वेळी काय करायचं हे त्या भागात शाळेतल्या पोरालाही विचारा. आधी जंतुनाशक पाणी मारून ओलं करायचं, मास्क लावायचा, मग पुसून घ्यायचं. कोरडं झाडायचं नाही. कारण त्या लेंड्यांच्या धुळीतून उंदीरताप येतो. सगळ्यांना माहीत, आणि आपल्या शेडमध्ये कोणीही तसं करत नाही. ताप येतो तो दुसऱ्याच्या शेडमधल्या उंदरांचा. आपले उंदीर आपल्याच जमिनीवरचे, त्यांचं काय एवढं!

इल्मोने वारा येतो म्हणून दार लावून घेतलं आणि खराटा घेतला. मास्क दाराशेजारी खिळ्यावर होता. रायलानेच आठ वर्षांपूर्वी टांगलेला, अजून प्लास्टिकच्या पिशवीत.

रायला ओसरीवर गाजरं सोलत बसली होती. फळ्यांच्या फटींतून धूळ बाहेर येताना तिला दिसली. उन्हात ती चांगली सोनेरी दिसत होती.

"मास्क!" ती ओरडली.

"झालंच आता!" आतून उत्तर आलं.

तिने गाजर खाली ठेवलं, उठावं असं मनात आलं, मग तिने घड्याळ पाहिलं. पिशवीची वेळ झाली होती. ती घरात गेली.

तीन आठवडे काही झालं नाही.

ऑक्टोबरच्या एकोणीस तारखेला, शनिवारी, इल्मो सकाळी सौनासाठी लाकडं आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही. रायलाने खिडकीतून पाहिलं, तर तो ठोकळ्यावर बसला होता, दोन्ही हात काखेत घालून.

"काय रे, थंडी वाजतेय?"

"छे. विचार करतोय."

"तू?"

"आता निवृत्त झालोय. वेळ आहे."

दुपारी त्याने सौना रोजच्यापेक्षा जास्त तापवला. रायलाला डॉक्टरांनी पाचच मिनिटं परवानगी दिली होती, तीही खालच्या पायरीवर. ती बसली. इल्मो वर बसला होता, अंगावर मारायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी शेजारी तशीच पडली होती. तिने वर पाहिलं तर त्याचा चेहरा लाल, पण ओठांभोवती राखाडी. त्याने पळीभर पाणी तापल्या दगडांवर फेकलं आणि ते जमिनीवर पडलं.

"दिसत नाही का तुला?"

"वाफ आहे ना."

वाफ अजून झालीच नव्हती.

नंतर दोघं धक्क्यावर गार होत बसली. खाडीपलीकडे काउकोचं बोटघर होतं, लालभडक रंगाचं, गेल्याच वर्षी रंगवलेलं. इल्मो त्या दिशेला डोळे बारीक करून बघत राहिला.

"काउकोने बोटघर हलवलं काय?"

"कुठे हलवणार? तळ्यात?"

"नाही, आपलं... धुकं असेल."

धुकंही नव्हतं. रायलाने त्याच्या मानेवर हात ठेवला. मान भाजत होती. पण सौनातून आलेल्या माणसाची मान भाजणारच. त्यावरून काय कळणार? हे इल्मोलाही माहीत होतं, आणि तिथेच त्याने आपली युक्ती शोधली होती.

रविवारी त्याने पुन्हा सौना तापवला. सोमवारीही.

"लागोपाठ तीन दिवस?" रायला म्हणाली. "कोणाचं लग्न आहे?"

"हेलसिंकीला तीन आठवडे मिळणार नाही. साठवून ठेवतोय."

"सौना साठवता येतो होय!"

"आमच्याकडे येतो."

ती हसली, आणि हसली याचा तिला नंतर फार राग आला. पण तेव्हा ती हसली. हेलसिंकीच्या पत्रात एक ओळ होती: दात्याला कसलाही ताप, संसर्ग झाल्यास ताबडतोब कळवावे, तारीख पुढे ढकलावी लागेल. ती ओळ दोघांनाही पाठ होती. ताप अंगावर काढायचा, घामावाटे बाहेर घालवायचा आणि कोणाला ताकास तूर लागू द्यायची नाही, असं इल्मोने ठरवलं होतं. त्या भागातल्या पुरुषांचा हा जुनाच उपचार. एरवी बहुतेक वेळा त्याने बिघडत काही नाही.

मंगळवारी रायलाला कळलं. आणि कळलं ते तिच्या पद्धतीने.

ज्या बाईला वर्षभर लघवी अशी होतच नाही, तिचे कान घरातल्या पाण्याकडे असतात. कोण किती प्यालं, कोण किती वेळा गेलं, हे ती ठरवून नाही ऐकत, ऐकू येतं. इल्मो सकाळपासून पाण्याचा तिसरा जग संपवत होता. आणि तळ्यावर असला की वीस वर्षांची त्याची सवय, उठल्यावर शेडमागे जायचं आणि तळ्याकडे बघत उभं राहायचं. त्या सकाळी तो गेला नव्हता. आदल्या सकाळीही नाही.

"तू शेडमागे गेला नाहीस," ती म्हणाली.

"मोजतेस की काय?"

"हो. दोन वर्षं दुसरं काय करतेय मी?"

"म्हातारा झालो. कमी होतं."

"तीन जग पाणी पिऊन?"

तो उत्तर द्यायला उठला आणि उठता उठता त्याने दोन्ही हातांनी कंबर धरली. कंबर नव्हे, तिच्या जरा वर, दोन्ही बाजूंना, बरोबर त्या जागी. रायलाला ती जागा चांगली ठाऊक होती. तिने खुंटीवरचं त्याचं जाकीट काढलं आणि खिसे तपासले. आतल्या खिशात वेदनाशामक गोळ्यांची पट्टी निघाली. दहातल्या आठ संपलेल्या. मूत्रपिंडाला वाईट म्हणून त्या गोळ्यांना घरात बंदी होती. तिच्यासाठी दोन वर्षांपासून, आणि पत्र आल्यापासून त्याच्यासाठीही.

ती पट्टी हातात धरून उभी राहिली, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो असा: गेलं माझं मूत्रपिंड.

तो विचार स्पष्ट आला, शब्दांसकट. मग ज्याच्या पोटात ते होतं तो माणूस तिला दिसला, भिंतीला धरून उभा, घामेजलेला, तिच्याकडे बघायचं टाळणारा. मध्ये किती वेळ गेला असेल? दोन क्षण. पण ते दोन क्षण ती विसरली नाही.

"गाडीची किल्ली दे," ती म्हणाली.

"तू चालवणार? एवढं लांब?"

"तुला बोटघर दिसत नाही. तू चालवणार का?"

मध्यवर्ती रुग्णालय सत्तर किलोमीटरवर. दोन वर्षांत रायला दुकानापलीकडे गाडी घेऊन गेली नव्हती. इल्मो शेजारी डोळे मिटून बसला होता आणि दर वळणावर न बघता सांगत होता, "गिअर बदल." एकदा म्हणाला, "सर्दी आहे म्हणून सांग. साधी सर्दी."

"साध्या सर्दीने माझी दोन गेली," ती म्हणाली.

वॉर्डच्या दारात तुइया नर्स भेटली. रायला तिची जुनी पेशंट.

"रायला! काय झालं गं, पोट दुखतंय?"

"मी नाही. हा आणलाय."

"इल्मो? तू तर आमचा धडधाकट!" तुइयाने त्याच्याकडे पाहिलं आणि पुढची थट्टा गिळली. "बस इथे. डोळ्यांना कसं दिसतंय?"

"तू दिसतेस. दोन-तीन."

"शेड झाडलंस का एवढ्यात?"

तुइयाने रायलाकडे पाहिलं. रायलाने होकारार्थी मान हलवली. रक्ताच्या एका थेंबाची चाचणी होती, पाऊण तासात उत्तर आलं. उंदीरताप. त्या आठवड्यात वॉर्डमधला तो चौथा. दुसरं उत्तर यायला जरा वेळ लागला: रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा कचरा, सहाशे चाळीस. तिथल्या मापात शंभराच्या आत हवं. पत्रासाठी तपासलं तेव्हा त्याचं अठ्ठ्याहत्तर होतं, आणि रायलाने तो आकडा आपल्या डायरीत निळ्या शाईने लिहून खाली रेघ मारली होती.

डॉक्टर सारेला ही तिशीतली बाई होती. तिने रायलाला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं. अर्ध्या गोष्टी रायलाला सांगायची गरज नव्हती.

"विषाणू स्वतः फारसं कुरतडत नाही," डॉक्टर म्हणाली. "त्याच्याशी लढताना शरीर जी सूज आणतं ना, ती नडते. बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. मूत्रपिंड फुगतं, पण त्याचं वेष्टण फुगत नाही. मग ते आतल्या आत दबतं आणि काम थांबवतं. वर सौना, अंगातलं पाणी गेलेलं, आणि त्या गोळ्या."

"दोन्ही?"

"सोनोग्राफीत दोन्ही सुजलेली आहेत. सारखीच."

"औषध?"

"नाही. पाण्याचा तोल सांभाळायचा आणि वाट पाहायची. बहुतेकांची परत चालू होतात. परवापर्यंत नाही झाली तर काही दिवस रक्त गाळायच्या मशीनवर घेऊ."

"आणि बारा तारीख?"

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. "ती मी आजच रद्द करायला सांगितलीय. तुम्हाला कल्पना असेलच."

रायलाला कल्पना होती. तरी ऐकल्यावर ती कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली. तिला रडू आलं. कोणासाठी ते तिला नीट सांगता आलं नसतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

ती खोलीत गेली तेव्हा इल्मो उशीला टेकून बसला होता. चेहरा सुजलेला, डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल ठिपके. तिला पाहिल्यावर तो मुद्दाम सरळ झाला.

"फोटो काढला पोटाचा," तो म्हणाला. "मी विचारलं त्यांना. उजवं सुजलंय म्हणे. डावं तसंच आहे."

"असं?"

"हो. डावं एकदम ठणठणीत. उजव्याला काय करायचंय? ते माझं. डावं तुझं, ते राखून ठेवलंय."

दोन वर्षं मूत्रपिंडांखेरीज दुसरा विषय नसलेल्या बाईला तो हे सांगत होता. आणि सांगताना त्याचा आवाज अगदी साधा होता, काउकोकडून बटाटे खाऊन आल्यावर "भूक नाही फारशी" म्हणायचा तसा.

"बरं झालं," रायला म्हणाली. तिने खुर्ची ओढली. पिशवीची वेळ टळून गेली होती. तुइयाने पिशवी गरम करून आणली, आणि खोलीत दुसरा खांब नव्हता म्हणून इल्मोच्या सलाइनच्याच खांबावर दुसऱ्या आकड्याला अडकवली. एकाच खांबावर नवऱ्याचंही पाणी, बायकोचंही.

"आता खरं लग्न लागलं तुमचं," तुइया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन नऊशे दहा. लघवीच्या भांड्याच्या तळाला जेमतेम दोन बोटं, तीही गढूळ. इल्मो आता थट्टा करत नव्हता. त्याला उचकी लागली होती आणि ती थांबत नव्हती. रायला दिवसभर त्याच्यापाशी होती. तिचं जेवण, तिच्या पिशव्या, सगळं तिथेच. घोट घोट पाणी कसं प्यायचं, तहान लागली तर बर्फाचा खडा गालात कसा धरायचा, हे ती त्याला शिकवत होती. दोन वर्षं तो तिला ओरडायचा, आता ती त्याला ओरडत होती. "तो ग्लास खाली ठेव. तुझे अडीचशे झाले."

"तू हे रोज करतेस?" त्याने एकदा विचारलं.

"मग काय, नाटक करत होते?"

"मला वाटायचं, सवय होत असेल."

"नाही होत."

शुक्रवारी सकाळी मशीन लावायचं ठरलं. गुरुवारी रायला घरी कपडे आणायला गेली असताना फोन वाजला.

"रायला! सहाशे!"

"काय सहाशे? क्रिएटिनिन?"

"भांड्यात! सकाळपासून सहाशे मिली! तुइया दुसरं भांडं आणायला गेलीय!"

मशीन लावावंच लागलं नाही. सूज उतरली की मूत्रपिंडं आधी सुटतात ती मोकाट. नुसतं पाणी सोडतात. शनिवारी साडेचार लिटर, रविवारी सहा. तुइयाने वॉर्डचा विक्रम म्हणून जाहीर केलं. काउको भेटायला आला तर त्याला इल्मोने हवामान नाही, हॉकी नाही, आधी आकडा सांगितला. रायला भांडी मोजत होती, लिहीत होती, हसत होती. पेंढ्याच्या रंगाची, स्वच्छ, भरभरून लघवी. तिने एकदा भांडं खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. तिला आनंद झाला होता, आणि हेवाही वाटला, इतका की तिने भांडं चटकन खाली ठेवलं.

बारा नोव्हेंबरला दोघं घरी होती. इल्मोचं वजन नऊ किलोने उतरलं होतं आणि तो जिना चढताना थांबायचा. फ्रिजवरचं पत्र काढायला त्याने हात लावला, तर रायला म्हणाली, "असू दे. नवीन येईल तेव्हा काढू." वसंतात पुन्हा तपासण्या करू, असं हेलसिंकीहून सांगितलं होतं. चार महिने. त्याने लाकडं उचलायची नाहीत, म्हणून हिवाळाभर काउको तळ्यावरच्या शेडमधली लाकडं आणून शेगडी भरून जायचा, आणि जाताना दर वेळी म्हणायचा, "शेड छान लावलंयस रे इल्मो. जीव ओतलायस."

मार्चमध्ये तपासण्या झाल्या. इल्मो हेलसिंकीहून शीळ घालत आला. क्रिएटिनिन एक्क्याऐंशी! बाकीचं पत्राने कळवतील म्हणाले.

पत्र एप्रिलच्या एका मंगळवारी आलं. ते इल्मोच्या नावाने होतं आणि पेटीतून त्यानेच काढलं. जेवताना रायलाने विचारलं, "पोस्टात काही होतं?" तर म्हणाला, "जाहिराती." त्याच मंगळवारी, तो दुकानात गेला असताना, हेलसिंकीच्या समन्वयक बाईचा रायलाला फोन येऊन गेला होता. इल्मोच्या लघवीत अजून प्रथिनं सापडत होती, थोडी, पण सापडत होती. आणि रक्तदाब पूर्वी नव्हता तो आता होता. त्याला स्वतःला त्यातून काही होणार नाही, पण दोन्ही मूत्रपिंडं त्याला ठेवू द्यावीत, असं तिथल्या डॉक्टरांचं मत पडलं. दाता म्हणून तो बाद. रायलाचं नाव प्रतीक्षायादीत घातलं होतं. रायलाने "कळलं" म्हटलं, "आभारी आहे" म्हटलं आणि गाजरं चिरायला घेतली.

शनिवारपर्यंत दोघं मूग गिळून बसली. शनिवारी दोघं तळ्यावरचं घर उघडायला गेली. बर्फ काळं पडलं होतं, काठापासून सुटलं होतं. हिवाळ्यात निम्मी लाकडं जळून शेडचा एक कोपरा रिकामा झाला होता, आणि तिथे पुन्हा काळे दाणे पडले होते.

इल्मोने जंतुनाशकाचा फवारा भरला. "तू बाहेर थांब," तो म्हणाला. "एकदा झाला की आयुष्यात परत होत नाही हा ताप. आता गावातली सगळी शेडं मीच झाडणार."

"मास्क लाव."

"अगं, मला होतच नाही म्हणतोय..."

"लाव."

त्याने खिळ्यावरची पिशवी काढली, आठ वर्षांत पहिल्यांदा फाडली आणि मास्क लावला. रायला दारात उभी राहिली. तो आत वाकून फवारत होता. बोलायला ती वेळ बरी होती. त्याची पाठ तिच्याकडे होती.

"इल्मो, मला मंगळवारपासून माहीत आहे."

फवारा थांबला. तो वळला नाही.

"पत्र कुठे ठेवलंयस?"

"गाडीत. सीटखाली." मग थोड्या वेळाने, "फेरतपासणी मागता येते. शरद ऋतूत. मी विचारणार होतो आधी, मग सांगणार होतो."

"नको मागूस."

"का नको? डावं चांगलं आहे अजून. ते प्रथिनं-बिथिनं उजव्यातून..."

"इल्मो."

त्याने फवारा दुसऱ्या हातात घेतला.

"मला एक सांगायचंय," रायला म्हणाली. "ऑक्टोबरपासून सांगायचंय. त्या मंगळवारी तू कंबर धरलीस ना, आणि मला गोळ्या सापडल्या. तेव्हा आधी माझ्या मनात तू आला नाहीस. मूत्रपिंड आलं. गेलं माझं मूत्रपिंड, असं वाटलं मला. तू उभा होतास समोर, पडायला आलेला. आणि मला मूत्रपिंडाची पडली होती." तिचा आवाज फाटला. "धूळ दिसली होती मला. तुला बाहेर ओढायला पाहिजे होतं, तर मी पिशवी बदलायला गेले. आणि नंतर तुझं नाही, मूत्रपिंडाचं वाईट वाटलं. म्हणून नको मागूस."

इल्मो वळला. मास्कमुळे त्याचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते तिच्याकडे जरा गोंधळून बघत होते, तिने काही उघड गोष्ट विनाकारण कबूल केल्यासारखे.

"मग?" तो म्हणाला. "मलाही तेच वाटलं."

"काय?"

"शनिवारी. त्या ठोकळ्यावर बसलो होतो, थंडी भरली होती, दात वाजत होते. म्हटलं, मेलो. गेलं रायलाचं मूत्रपिंड."

"आपण मरू असं नाही वाटलं तुला?"

इल्मोने विचार केला. खरं उत्तर द्यायचं म्हणून केला. "ते नंतर वाटलं. उचकी लागली तेव्हा."

रायला दाराच्या चौकटीला टेकली. तिला हसू फुटलं, मग रडू फुटलं, आणि तो फवारा हातात धरून उभा राहिला, जवळ जावं की नको अशा विचारात, कारण हातांना जंतुनाशक लागलं होतं.

तेवढ्यात घरातलं घड्याळ वाजलं. पिशवीची वेळ झाली होती. इल्मोने मास्क काढून खिळ्यावर टांगला, कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, तिसऱ्यांदाही धुतले आणि तिची पिशवी गरम करायला ठेवली.